बाईंनी बदललेलं गाणं



विषय माझ्यावर सोडला होता, म्हणून ज्योत्स्ना भोळे निवडल्या. खरं कारण वेगळं आहे. १९७८ च्या स्नेहसंमेलनातलं एक भांडण मला आज मिटवायचं आहे, आणि बाई समोरच बसल्या आहेत.

नववीत मी ‘बोला अमृत बोला’ बसवलं होतं. दोन महिने ताना घोटल्या. अख्ख्या वेरुळात नाट्यगीत म्हणणारी मी एकटीच, असा तोरा. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी बाई म्हणाल्या, “हे राहू दे, ‘माझिया माहेरा जा’ म्हण.” मला वाटलं, रेडिओवरचं सोपं गाणं देऊन बोळवण केली. खुलताबादहून आणलेल्या भोंग्यावर मी ते म्हटलं, पण घुश्शातच. पुढे वर्षभर बाईंशी धड बोलले नाही.

दोन्ही गाणी ज्योत्स्नाबाईंचीच, हे माहीत होतं. त्याचा अर्थ मात्र उशिरा कळला. गोव्यात १९१४ साली जन्मलेली ही दुर्गा केळेकर. १९३३ मध्ये ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ आणलं, त्यात त्या उभ्या राहिल्या. रात्र रात्र चालणारी नाटकं, लुगडं नेसलेले पुरुष आणि वन्समोअरवर वन्समोअर, हे सगळं पाहिलेल्या प्रेक्षकांसमोर स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या. गाणी मोजकीच, बोलण्याच्या ओघात येणारी. संगीत त्यांचे यजमान केशवराव भोळे यांचं. मग १९४२ मध्ये रांगणेकरांचं ‘कुलवधू’, मास्टर कृष्णरावांच्या चाली. त्यातली भानुमती सिनेमात काम करते. ज्योत्स्नाबाई स्वतः भावगीतंही गायच्या. ‘माझिया माहेरा’चे शब्द राजा बढे यांचे, चाल पु. ल. देशपांडे यांची. (होय, आपल्या धड्यातले तेच पु. ल.)

नाटकात आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा. जुन्या तबकडीच्या एका बाजूला मात्र जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं, आणि माइक तोंडाशी. तिथे ताना पसरायला जागाच नाही. सासरी असलेली मुलगी पाखराजवळ निरोप देते, तो काय ओरडून देईल? तानेत चूक झाकता येते, साध्या ओळीत सूर जरा हलला की उघडं पडायला होतं. लग्नानंतर स्वयंपाकघरात एकटीच गुणगुणताना हे कळलं. तोवर माझी पेटी माळ्यावर गेली होती.

काल रात्री बाईंना विचारलं, तेव्हा गाणं का बदललंत? म्हणाल्या, “वरच्या सुराला तुझा दम तुटत होता. गावासमोर हसं झालं असतं. तसं सांगितलं असतं, तर तू गाणंच सोडलं असतंस.”

सत्तेचाळीस वर्षं बाईंनी हे कुणालाही सांगितलं नाही. आणि मी मात्र ‘बाईंनी माझं गाणं हिसकावलं’ म्हणून वर्गभर सांगितलं होतं. तुमच्यातल्या बऱ्याच जणी तेव्हा माझ्या बाजूने त्यांच्यावर रुसल्या होत्या. बाई, माझं चुकलं.

पेटी आणली आहे. तेव्हा काळी पाचवर गात होते, आता काळी चारवर आलेय. बाई, सूर धरता का?