चिमुकल्या डोळ्यांपुढील पडदा

सायंकाळचे सात वाजले आहेत. दोन वर्षांची मुलगी जेवावयास बसली आहे. ताटांत मऊ भात आहे आणि ताटासमोर तांब्यास टेकवून मोबाइल ठेवलेला आहे. पडद्यावर ससे नाचतात, तोंड आपोआप उघडतें, घास आंत जातो. पोट भरलें कीं नाहीं, याचा पत्ता ना तिला, ना भरविणारीला. असंख्य सुशिक्षित घरांतलें हें दृश्य आहे, आणि त्याबद्दल एकट्या आईला बोल लावणें अन्यायाचें आहे. घर आणि कचेरी एकाच वेळीं सांभाळणाऱ्या त्या बाईस अर्ध्या तासाची उसंत दुसरें कोण देतें? पूर्वीं ती आजीची मांडी देई.

परंतु या उसंतीची किंमत काय, हेंही पाहिलें पाहिजे. अमेरिकेंतील सिॲटल येथें पॅट्रिशिया कूल या विदुषीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं केलेला एक प्रयोग २००३ सालीं प्रसिद्ध झाला. इंग्रजी घरांतील नऊ महिन्यांच्या बालकांस चिनी भाषेचे बारा पाठ देण्यांत आले. कांहींच्या समोर चिनी बोलणारें माणूस प्रत्यक्ष बसे, पुस्तक दाखवी, खेळणें पुढें करी. कांहींना तींच माणसें चित्रफितींतून भेटत. पहिलीं बालकें, इंग्रजींत नसलेले चिनी ध्वनि तैवानमधील बालकांच्या तोडीनें ओळखूं लागलीं. चित्रफितीसमोरचीं होतीं तेथेंच राहिलीं.

यांत नवल नाहीं. मूल बोट दाखवून 'बू' म्हणतें, आई त्या बोटाच्या रोखानें पाहते आणि 'हो, भूभू आला' म्हणते. अशा देवघेवींतून भाषा येते. सशाला मुलाचें बोट दिसत नाहीं. मात्र २०१४ सालच्या दुसऱ्या एका अमेरिकन प्रयोगांत, पडद्यावरील व्यक्ति मुलाला उत्तर देत होती तेव्हां दोन-अडीच वर्षांचीं मुलें नवे शब्द शिकलीं. परदेशांतील नातवाशीं बोलणाऱ्या पुण्याच्या आजीनें तेव्हां अपराधी वाटून घेण्याचें कारण नाहीं.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं मर्यादा सांगितली ती अशी : दोन वर्षांपर्यंत पडदा नकोच, पुढें चार वर्षांपर्यंत दिवसाकाठीं फार तर एक तास, कमी तितका बरा. तीन-चार वर्षांच्या मुलास दहा ते तेरा तासांची झोप हवी, हेंही तिनें सांगितलें आहे.

सुरुवात ताटापासून करणें सोपें. सोपें म्हणजे, पहिले कांहीं दिवस घरांत आकांत माजतो आणि भात जमिनीवर सांडतो. मग केव्हांतरी ती मुलगी सांडलेल्या भातांतून बोट फिरविते, एक शीत तोंडांत घालते आणि आईकडे पाहून कांहींतरी म्हणते.