माळव्यातली अफू आणि शिरेतले औषध

(रतलाम येथे गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून आजवर डॉक्टर, प्राध्यापक, कीर्तनकार बोलले. यंदा कार्यकारिणीने रेल्वेतल्या एका डिप्लोमावाल्याला उभे केले आणि त्याने विषय निवडला औषधाचा! मी डॉक्टर नाही. औषध किती आणि केव्हा घ्यायचे हे कृपया मला विचारू नका. मी फक्त एका औषधाची बांधणी कशी होते ते सांगणार आहे, आणि हा विषय मला का घ्यावासा वाटला तेही.

2011 साली माझ्या बाबांचा कॅन्सर हाडांत पसरला. इथल्या एका दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "यांना इंदूरला न्या. मॉर्फिन लागेल, आमच्याकडे त्याचा परवाना नाही." मी विचारले, "मॉर्फिन म्हणजे अफूच ना?" ते हो म्हणाले. मी सरळ नकार दिला. या वयात बाबांना व्यसन लावायचे? लोक काय म्हणतील? त्यानंतरचे 11 दिवस बाबा रात्रभर उशीचा कोपरा दातांत धरून पडून असत. बाराव्या दिवशी आई म्हणाली, "तुला नसेल न्यायचे तर मी नेते." मग इंदूर गाठले. तिथल्या सिस्टरनी सलाईनच्या नळीतून हळूहळू औषध दिले. वीसेक मिनिटांत बाबांच्या आवळलेल्या मुठी सुटल्या. माझ्याकडे बघून म्हणाले, "तू जेवलास का रे?" पुढे ते 19 दिवस होते, आणि बोलत होते. आधीचे 11 दिवस मात्र मी त्यांच्याकडून घेतले. ते परत देता येत नाहीत.

गंमत अशी, की याच अफूच्या शेतांमधून आपली गाडी जाते. मंदसौर, नीमच, चित्तोडगड या पट्ट्यात जानेवारी-फेब्रुवारीत पांढऱ्या फुलांची शेते आपण सर्वांनी पाहिली आहेत. केंद्र सरकारच्या परवान्यावरच हे पीक घेता येते. दुपारी बोंडाला चिरा द्यायचा, रात्रभर चीक पाझरतो, सकाळी तो खरवडायचा. मग तो तोलून सरकारकडे जमा करायचा. नीमच आणि गाझीपूर येथे सरकारी कारखाने आहेत. तिथे अफूतून मॉर्फिन, कोडीन वगैरे वेगळे काढतात. हे मॉर्फिन प्रथम वेगळे केले झेर्ट्युर्नर नावाच्या जर्मन औषधविक्याच्या मदतनिसाने, एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला.

पण मॉर्फिन हाती आले म्हणजे इंजेक्शन झाले असे नाही. शुद्ध मॉर्फिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून त्याचा सल्फेट किंवा हायड्रोक्लोराइड क्षार करतात. तो विरघळतो, पण टिकवणे अवघड. हवेतला प्राणवायू आणि उजेड लागला की द्रावण पिवळे, मग तपकिरी पडते. लोखंडाला गंज चढतो तसेच म्हणा. त्यावर उपाय तीन. द्रावण किंचित आम्लधर्मी ठेवायचे. कुपीत द्रावणावरच्या मोकळ्या जागेत हवेऐवजी नायट्रोजन भरायचा. आणि उजेडापासून जपायचे. काच सुद्धा साधी चालत नाही. हलक्या काचेतून अल्कली पाण्यात उतरते, आम्लता कमी होते आणि औषध बिघडते. म्हणून बोरोसिलिकेट काच घेतात.

दुसरी गोष्ट निर्जंतुकपणाची. तोंडाने घेतलेल्या औषधाला पोट, यकृत असे पहारेकरी असतात. शिरेतले औषध थेट रक्तात जाते. म्हणून द्रावण 0.22 मायक्रॉनच्या गाळणीतून काढतात, कुपी बंद करतात आणि साधारणपणे 121 अंश सेल्सियसच्या वाफेत किमान 15 मिनिटे ठेवतात. मेलेल्या जंतूंचे अवशेषही ताप आणतात, त्यामुळे पाणी सुरुवातीपासूनच अतिशुद्ध लागते.

आता कुपी निर्जंतुक आहे हे तपासायचे कसे? फोडून पाहिली तर ती रुग्णाच्या उपयोगाची राहत नाही. आम्हा रूळवाल्यांची हीच अडचण असते. वेल्डिंगचा सांधा किती भार सोसेल हे तो मोडल्याशिवाय कळत नाही, आणि मोडला तर गाडी कशावरून न्यायची? म्हणून आम्ही काही नमुना सांधे मोडून पाहतो, आणि बाकीच्यांसाठी तापमान, वेळ, साहित्य यांची शिस्त पाळतो. औषध कारखान्यातही तेच. नमुने तपासतात, पण खरा भरवसा प्रक्रियेवर. 10 लाख कुप्यांत एकीतही जिवंत जंतू राहण्याची शक्यता एकाहून जास्त नसावी, असा त्यांचा दंडक आहे.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्याकडे मॉर्फिनची कुपी 1 मिलिलिटरची असते, कधी 10 मिलिग्रॅमची, कधी 15 ची. शिरेतून देताना सिस्टर ती पाण्यात मिसळून 10 मिलिलिटर करतात. म्हणजे 10 च्या कुपीतून प्रत्येक मिलिलिटरला 1 मिलिग्रॅम. पण रात्री दोन वाजता, एका सिस्टरकडे 30 रुग्ण असताना, हाती 15 ची कुपी आली तर? तेच 1 मिलिलिटर दीडपट होते, आणि जास्त मॉर्फिनने श्वास मंदावतो. शिवाय प्रत्येक वेळी सुई, कुपी, पाणी यांना हात लागला की जंतूंना वाट मिळते. म्हणूनच आता आधीच मिसळलेली, भरलेली, लेबल लावलेली सिरिंज किंवा पिशवी बनवण्यावर भर आहे. त्यात नवी अडचण म्हणजे, पातळ द्रावण प्लास्टिकच्या सिरिंजमध्ये महिनोन्महिने टिकते हे सिद्ध करावे लागते. आणि सगळीच औषधे टिकत नाहीत. रेमिफेंटानिल पाण्यात हळूहळू तुटते, म्हणून ते पावडरच्या रूपातच पाठवतात.

आता कायदा. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर रुग्णालये आणि दुकानदार मॉर्फिन ठेवायला धजेनात. एकेका खरेदीसाठी अनेक परवाने लागत. केरळात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून कालिकतला वेदनाशमनाचे काम उभे केले आणि नियम बदलावेत म्हणून वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. 2014 च्या दुरुस्तीने मॉर्फिनसह काही औषधांसाठी देशभर एकसारखे, सोपे नियम आले. तरी लहान गावांतला रुग्ण आजही मोठ्या शहराकडे धाव घेतो.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अमेरिकेत 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून अशी औषधे सैल हाताने वाटली गेली आणि लाखो माणसे दगावली. तेव्हा कुलूप हवेच. पण कुलपाची किल्ली गरजेच्या वेळी सापडलीही पाहिजे. दोन कुलपे, नोंदवही, रिकाम्या कुपीचा हिशेब, आणि जवळ उतारा म्हणून नॅलोक्सोन, एवढी शिस्त जिथे आहे तिथे मॉर्फिनला भ्यायचे कारण नाही. कॅन्सरच्या वेदनेत बहुतेकांना तोंडाने घ्यायचे मॉर्फिनच पुरते. इंजेक्शन लागते ते वेदना आवरेनाशी झाली की.

मंडळींना एकच विनंती आहे. घरात असा प्रसंग आला आणि डॉक्टरांनी मॉर्फिनचे नाव काढले, तर माझ्यासारखे "लोक काय म्हणतील" म्हणू नका. शंका जरूर विचारा, पण त्याच दिवशी विचारा. आणि आपल्या गावातल्या दवाखान्यात हे औषध ठेवण्याची मान्यता आहे का, याची चौकशी मंडळाने करावी. विघ्नहर्त्याच्या मांडवात यापेक्षा वेगळे काय मागावे?

 गणपती बाप्पा मोरया!