गोठ्याला वेगळा बोर्ड हवा

मैत्रिणींनो, आपल्या गेवराईकडं गोठ्यात कडबाकुट्टी आली, पण वीज कितीतरी ठिकाणी घरातल्या प्लगमधूनच, पत्र्यावरून ओढलेल्या वायरीनं जाते. मोटरीच्या भारानं पातळ वायर तापते, आवरण वितळतं, पत्र्यात करंट उतरतो. आणि ओल्या गोठ्यात धार काढायला अनवाणी आपणच बसतो.

म्हणून आम्ही सांगतो, परवाना असलेल्या वायरमनकडून गोठ्यापर्यंत जाड केबल घ्या, तिथं वेगळा छोटा बोर्ड बसवा. त्यात एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी हवाच. एमसीबी वायर वाचवतो, ईएलसीबी जीव. अर्थिंग पक्कं करा, उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी ओता. महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबा. खटका पडला नाही, तर वायरमनला लगेच बोलवा.

घरात कुणी ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणालं, तर विचारा: म्हैस केवढ्याची, अन् खटका केवढ्याचा?