नदीकाठचे आकाशचक्र आणि मुदतीचा करार



नगराच्या मध्यभागातून वाहणाऱ्या नदीच्या काठी शे-दीडशे मीटर उंचीचे एक फिरते चक्र उभारावे, त्यात बसून नागरिकांनी व पाहुण्यांनी नगराचे दर्शन घ्यावे आणि त्या दर्शनाच्या मोबदल्यात नगराच्या उत्पन्नात भर पडावी, अशी सूचना गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जगातील अनेक नगरांपुढे आलेली आहे. आणि जेथे ती आली तेथे नगरवासीयांत बहुधा दोन तट पडले आहेत. एका पक्षाला त्या चक्रात नगराच्या उत्कर्षाची खूण दिसते, तर दुसऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या दृश्याचा भंग दिसतो. हे दोन्ही पक्ष प्रामाणिक आहेत असे मी मानतो, आणि म्हणूनच त्यांच्या वादात बहुतेक वेळी जो प्रश्न मागे पडतो, तो आज आपल्यापुढे मांडण्याची माझी इच्छा आहे. चक्र सुंदर दिसेल की कुरूप, याचा निवाडा ते उभे राहण्यापूर्वी कोणीही खात्रीने करू शकत नाही. मात्र ते कोणाच्या जमिनीवर, किती मुदतीसाठी, कोणत्या भाड्याने उभे राहील आणि मुदत सरल्यावर ते कोणाच्या खर्चाने उतरवले जाईल, हे सारे आधी ठरवता येते, आणि ते आधीच ठरले पाहिजे.

या विषयातील सर्वांत बोधप्रद प्रकरण लंडनचे आहे. नव्या सहस्रकाच्या स्वागतार्थ एखादे स्मारक कल्पावे अशी एक स्पर्धा तेथे 1993 मध्ये जाहीर झाली, आणि डेव्हिड मार्क्स व ज्युलिया बारफील्ड या वास्तुविशारद दांपत्याने तीत टेम्स नदीच्या दक्षिण काठावरील एका महाचक्राचा आराखडा धाडला. स्पर्धेत कोणालाच पारितोषिक मिळाले नाही. तथापि या दोघांनी आपली कल्पना सोडली नाही. त्यांनी स्वतंत्र कंपनी काढली, ब्रिटिश एअरवेजचे द्रव्यबळ मिळवले, आणि ज्या लँबेथ कौन्सिलच्या हद्दीत ती जागा होती तिच्याकडे रीतसर अर्ज केला.

ती जागा पडीक नव्हती, आणि तिला इतिहास होता. 1951 सालच्या फेस्टिव्हल ऑफ ब्रिटनसाठी याच काठावर एक प्रचंड घुमट आणि सुमारे तीनशे फूट उंचीचा ‘स्कायलॉन’ नावाचा निमुळता मनोरा उभारण्यात आला होता. लोकांना तो आवडला होता. परंतु सरकार बदलले, चर्चिल सत्तेवर आले, आणि 1952 मध्ये घुमट व मनोरा दोन्ही उतरवून भंगारात गेले. मोकळ्या झालेल्या त्या भूमीवर पुढे राणीच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त, 1977 मध्ये, ज्युबिली गार्डन्स हे उद्यान झाले. शेजारी काउंटी हॉल, म्हणजे जेथून एके काळी साऱ्या लंडनचा कारभार चाले ती इमारत. ग्रेटर लंडन कौन्सिल 1986 मध्ये बरखास्त झाल्यावर ती एका जपानी कंपनीला विकण्यात आली. समोर, नदीपलीकडे थोडे वरच्या अंगाला, वेस्टमिन्स्टरचा राजवाडा आणि घड्याळाचा मनोरा. संसदेच्या इतक्या सान्निध्यात मनोरंजनाचे एक यंत्र उभे करणे औचित्याला धरून आहे काय, या हरकतीत काही क्षुद्र नव्हते. राष्ट्राच्या स्मृती ज्या दृश्यात साठलेल्या असतात ते दृश्य ही एक सार्वजनिक मालमत्ता असते, आणि तिच्या वहिवाटीत बदल करू पाहणाऱ्याने उत्तर द्यावयाचेच असते.

लँबेथने दिलेले उत्तर मला अत्यंत शहाणपणाचे वाटते. परवानगी दिली, पण पाच वर्षांची दिली. विरोधकांना जे भय वाटत होते ते खरे ठरले तर मुदतीअखेर ती परवानगी आपोआप संपावी, आणि ज्यांना चक्राची हौस होती त्यांनी त्या अवधीत आपली बाजू प्रत्यक्ष प्रयोगाने सिद्ध करावी, अशी ही तजवीज होती.

मग काम सुरू झाले, आणि ते ज्या रीतीने झाले तिचे वर्णन केल्यावाचून मला राहवत नाही. 135 मीटर उंचीच्या या चक्राचे भाग युरोपातील निरनिराळ्या देशांत घडवण्यात आले, नावांवर लादून टेम्समधून वर आणण्यात आले, आणि पाण्यावर उभारलेल्या तात्पुरत्या तळावर आडवे ठेवून जोडण्यात आले. सायकलच्या चाकाला जसे आरे असतात तसे ताणलेले पोलादी दोर त्याची धाव कण्याशी बांधून ठेवतात, आणि साऱ्या डोलाऱ्याला आधार आहे तो एकाच, जमिनीकडच्या, बाजूने. त्यामुळे चक्र नदीच्या वर झुकून अधांतरी फिरते. सप्टेंबर 1999 मध्ये ते उभे करण्याचा पहिला प्रयत्न एक दोर निसटल्याने फसला. पुढच्या महिन्यात ते उभे राहिले. त्या वर्षाच्या अखेरच्या रात्री पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी त्याचे उद्घाटन केले, पण प्रवासी मात्र मार्च 2000 पासून बसू लागले. 32 काचकक्ष, प्रत्येकात सुमारे 25 माणसे, आणि एका फेरीस अर्धा तास. गती इतकी मंद की चढण्या-उतरण्यासाठी एरवी चक्र थांबवावेच लागत नाही.

पाच वर्षांच्या आत लंडनच्या मताचा कौल लागला. परवानगी वाढवून 2028 पर्यंत नेण्यात आली, आणि 2024 मध्ये लँबेथने ती कायमस्वरूपी केली. उत्पन्नाचा एक टक्का त्या परिसराच्या हितासाठी द्यावयाचा, अशी अटही करारात आहे. या सुखान्त कथेत एक अप्रिय प्रकरण घडले, आणि माझ्या मुद्द्याच्या दृष्टीने तेच महत्त्वाचे आहे. चक्राचा आधार ज्या जमिनीत रोवला आहे तिचा काही तुकडा साउथ बँक सेंटर या संस्थेच्या ताब्यातील होता. त्या तुकड्याचे वार्षिक भाडे चौसष्ट हजार पौंड होते. संस्थेने 2005 मध्ये ते दहा लाखांवर नेण्याची मागणी केली आणि जागा सोडण्याची नोटीस बजावली. लाखो माणसे ज्यातून नगर पाहून गेली होती ते चक्र एका भाडेपट्ट्याच्या तंट्यात अडकले. अखेर पंचवीस वर्षांचा पट्टा आणि सालीना पाच लाख पौंड, अशी तडजोड 2006 मध्ये झाली. जे आधी लिहून घ्यावयास हवे होते ते न लिहिल्यामुळे पुढे तगाद्याच्या भाषेत बोलावे लागले.

मुदतीच्या या तत्त्वाला लंडनहून जुना दाखला पॅरिसचा आहे. आयफेल मनोऱ्याविरुद्ध 1887 मध्ये गार्निए, गूनो, मोपासाँ यांच्यासारख्या कलावंतांनी जाहीर निषेध केला, हे आपण पुष्कळदा ऐकतो, आणि बहुधा त्या कलावंतांना हसण्यासाठी ऐकतो. परंतु त्या मनोऱ्याला वीसच वर्षांचा परवाना होता, ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते. 1909 च्या सुमारास तो उतरवण्याचा प्रसंग खरोखर आला, आणि बिनतारी संदेशवहनासाठी त्याचा उपयोग सिद्ध झाला म्हणूनच त्याला नवी मुदत मिळाली. निषेध करणाऱ्यांचे अंतिम मत चुकले असेल. पण नगराने फेरविचाराचा हक्क राखून ठेवला होता, आणि तो हक्क राखला गेला यात अशा निषेधाचे सार्थक आहे असे मला वाटते.

आता ज्या चक्रावरून हा सारा प्रकार ‘फेरिस व्हील’ या नावाने ओळखला जातो त्याच्याकडे वळू. जॉर्ज फेरिस या पूलबांधणीतील अभियंत्याने शिकागोच्या 1893 च्या जागतिक प्रदर्शनासाठी 264 फूट उंचीचे चक्र उभारले. त्याला 36 डबे होते, प्रत्येकात साठ माणसे मावत, म्हणजे एका वेळी 2160 माणसे अंतराळात. भाडे पन्नास सेंट. ज्या प्रदर्शनाला जोडून भरलेल्या धर्मपरिषदेत विवेकानंद बोलले, तेच हे प्रदर्शन. तेथे या चक्राची सर्वत्र वाहवा झाली, आणि मला वाटते ती यथार्थ होती. परंतु प्रदर्शन संपले, आणि चक्र उरले. मालकांनी ते उकलून 1895 मध्ये लिंकन पार्कजवळच्या, घरे असलेल्या भागात, क्लार्क स्ट्रीटवर पुन्हा उभे केले, आणि लगेच शेजाऱ्यांनी विरोध केला. गर्दी, गोंगाट, मद्यालयाची धास्ती, घरांच्या किमती, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. त्यांच्यातील विल्यम बॉइस या वृत्तपत्र-प्रकाशकाने न्यायालयात दावा लावला; तो फेटाळला गेला. चक्र तेथे 1903 पर्यंत तोट्यात चालले, मग सेंट लुई येथील 1904 च्या प्रदर्शनासाठी नेण्यात आले, आणि 1906 मध्ये सुरुंग लावून पाडण्यात आले. स्वतः फेरिस त्यापूर्वीच, 1896 मध्ये, अवघ्या सदतिसाव्या वर्षी, विषमज्वराने वारला होता. प्रदर्शनाच्या मैदानावर ज्या यंत्राने आनंद दिला, तेच यंत्र वस्तीत आल्यावर शेजाऱ्यांना नकोसे झाले. यंत्र बदलले नव्हते, जागा बदलली होती आणि मुदत नाहीशी झाली होती.

ज्या चक्रांचा आरंभच झाला नाही, किंवा होऊन खंडला, त्यांची संख्याही थोडी नाही. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडच्या किनाऱ्यावर 192 मीटरचे चक्र उभारण्याची घोषणा 2012 मध्ये झाली, काही भाग आणलेही गेले, पण कंत्राटदाराशी तंटा होऊन 2018 मध्ये सारी योजना सोडून द्यावी लागली. दुबईचे अडीचशे मीटर उंचीचे चक्र 2021 मध्ये सुरू झाले, काही महिन्यांतच बंद पडले, आणि 2024 च्या अखेरीस पुन्हा फिरू लागले. वाळवंटातील श्रीमंत अमिरातीला अशी वर्षे सोसतात. आपल्या महानगरपालिकांना सोसणार नाहीत.

आपल्या पालिकांचे नाव घेतले, कारण हा प्रश्न आता आपल्या दाराशी आलेला आहे. वांद्रे रेक्लमेशनच्या परिसरात लंडनच्या धर्तीवर ‘मुंबई आय’ उभारण्याची घोषणा 2020 च्या आरंभी शासनाकडून झाली होती. तो समुद्रकिनारा होता. पण नदीकाठ सुशोभित करण्याच्या ज्या योजना आज आपल्या नगरांत आखल्या जात आहेत, त्यांच्या नकाशांत एखादे महाचक्र उद्या सहज शिरेल, आणि तेव्हा लंडनचा दाखला मोठ्या उत्साहाने दिला जाईल. तो दाखला आपल्याला जशाच्या तसा लागू पडत नाही, याची दोन कारणे मी देतो.

पहिले कारण नदीचे. मध्य लंडनमधील टेम्स दगडी तटबंदीत बांधलेली आहे, आणि वादळी भरतीपासून नगराला वाचवण्यासाठी खाली वुलिच येथे मोठा जलरोधक बांध आहे. आमच्या नद्या वर्षातील आठ महिने एका कडेने वाहतात आणि पावसाळ्यात आपले सारे पात्र मागून घेतात. आमच्या पाटबंधारे खात्याने निळी व लाल अशा दोन पूररेषा आखलेल्या आहेत: निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई आहे. नदीवर झुकणारे चक्र हवे असेल तर त्याचा पाया नेमका याच पट्ट्यात रोवावा लागेल. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटल्यावर पुण्याचे काय झाले, आणि 2019 व 2021 मध्ये पंचगंगेने कोल्हापूर व तिच्या काठच्या गावांची काय दशा केली, हे ज्यांनी पाहिले त्यांना पात्रातील अडथळ्याचा अर्थ समजावून द्यावा लागत नाही.

दुसरे कारण दर्शनाचे. लंडन बहुतांशी सपाट भूमीवर पसरलेले नगर आहे, आणि ते एका दृष्टिक्षेपात पाहण्याची सोय सामान्य माणसाला फारशी नव्हती. चक्राने ती दिली, हे त्याचे खरे पुण्य. पण पुण्याला पर्वती आहे, मुंबईला मलबार हिल आहे. तेथे चढून नगर पाहण्यास तिकीट लागत नाही. जी वस्तू आपल्यापाशी विनामूल्य आहे तिची विक्री करण्यासाठी सार्वजनिक काठ भाड्याने द्यावयाचा असेल, तर त्या भाड्यातून त्या पायऱ्या, ते कठडे आणि त्या टेकड्यांवरील झाडे यांची देखभाल होईल, एवढे तरी करारात लिहिलेले असावे.

इतके सांगूनही, असे चक्र कोठेच नको असे मी म्हणत नाही. आमच्या जत्रांत पाळणा असतोच. लेकरे हट्टाने त्यात बसतात, आणि जत्रा उठली की पाळणाही उकलून पुढच्या गावी जातो. हीच रीत मोठ्या चक्राला लावावी, एवढीच माझी मागणी आहे. परवाना पाच वर्षांहून अधिक नसावा. चक्र उतरवून जमीन पूर्ववत करण्याचा अंदाजी खर्च कंपनीने आरंभीच पालिकेकडे जामीन म्हणून ठेवावा, म्हणजे दिवाळे निघाले तरी सांगाडा नगराच्या माथी राहणार नाही. भाडे ठरलेल्या अंतराने पुन्हा ठरवले जावे, आणि ते ठरवण्याची पद्धत करारातच नमूद असावी. लाल पूररेषेच्या आत पाया नसावा. आणि हरकती-सूचना मागवताना नुसता कागदी आराखडा वॉर्ड कचेरीच्या भिंतीवर डकवून भागू नये. जेवढ्या उंचीचे चक्र योजिले असेल तेवढ्याच उंचीवर, नेमक्या त्याच जागी, दोरीने बांधलेला एक रंगीत फुगा पंधरा दिवस उडत ठेवावा. नगरवासीयांनी तो आपापल्या गच्चीतून, घाटाच्या पायऱ्यांवरून, पुलावरून आणि देवळाच्या ओट्यावरून पाहावा. आणि सुनावणीची तारीख त्या पंधरा दिवसांनंतरचीच लावावी.