फुवामुलाच्या बंदरातले शार्क

आमच्यानंतर नाट्यगीतं आहेत, तेव्हा विमानतळ, हॉटेल आणि खरेदी वगळून थेट पाण्याकडे वळतो.

फुवामुला हे मालदीवच्या दक्षिण टोकाकडचं बेट. मालेहून लहान विमानानं जाताना वाटेत विषुववृत्त ओलांडावं लागतं. मालदीवची बहुतेक बेटं प्रवाळाच्या कड्यात, उथळ पाण्याभोवती घोळक्यानं बसलेली असतात. हे मात्र एकटं, जेमतेम साडेचार किलोमीटर लांबीचं. किनारा सोडला की तळ एकदम खोल उतरतो, म्हणून खुल्या समुद्रातले मोठे मासे इथे अगदी दाराशी येतात.

टायगर शार्क बंदराच्या तोंडाशी येतात त्याचं कारण साधं आहे. इथले कोळी ट्यूना पकडतात आणि मासे साफ करून डोकी, आतडी तिथेच पाण्यात टाकतात. वर्षानुवर्षं हे चालल्यावर शार्कना जागा पाठ झाली. आता डायव्हिंगवाले ट्यूनाची डोकी तळावर दगडांखाली दाबून ठेवतात आणि पाहुण्यांना समोर गुडघ्यांवर बसवतात. खोली आठ-दहा मीटर, म्हणजे तीन मजली घराएवढी.

उतरण्याआधी सूचना मिळाल्या: हात छातीशी, कोणी एकट्यानं वर पोहत सुटायचं नाही, आणि शार्ककडे पाठ करायची नाही. नजर भिडली की ते अंतर राखतात. वाटाडे काठी घेऊन मागे उभे असतात, फार जवळ आलेल्याला नुसतं वळवायला.

पहिला शार्क दिसला तो सावलीसारखा, मग अंगावरचे पट्टे दिसले. चार मीटर तरी असावा. सिनेमात असतो तसला वेग अजिबात नाही. बाजारात सावकाश भाव करत फिरणाऱ्या माणसासारखी चाल. भीती वाटली का? वाटली. आमच्यातल्या एकाची टाकी श्वासांच्या घाईत बाकीच्यांच्या आधी संपत आली. पण पाचव्या-सहाव्या शार्कनंतर भीती मागे पडली आणि आम्ही पोटं पाहू लागलो. काहींची पोटं इतकी फुगलेली, की खाऊन सुस्तावलेत असं वाटावं.

ते खाणं नव्हतं. अभ्यासकांनी पट्ट्यांवरून आणि खुणांवरून इथले दोनशेहून अधिक टायगर शार्क ओळखले आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक माद्या आहेत, पुष्कळशा गाभण. टायगर शार्कची अंडी आईच्या पोटातच फुटतात आणि पिल्लं वर्षाहून अधिक काळ आत वाढतात. एवढे महिने उबदार पाणी आणि आयतं अन्न मिळणारी जागा कोण सोडेल?

बडोद्यात राहून इथे ‘व्हाली’ आठवल्याशिवाय कसं राहील? सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर व्हेल शार्क मारले जात. यकृताचं तेल होड्यांच्या लाकडाला लावत. 2001 साली कायद्यानं संरक्षण मिळालं, पण कोळ्यांच्या मनात बदल झाला तो 2004 नंतर, मोरारीबापूंनी ‘ही माहेरी आलेली लेक आहे’ अशी समजूत घातल्यावर. जाळ्यात सापडली तर आपलं महागडं जाळं कापून तिला सोडू लागले. मालदीवमध्येही शार्कच्या तेलानं होड्या माखत. तिथे 2010 मध्ये शार्कच्या मासेमारीवर देशभर बंदी आली. तिथली लेक मात्र पर्यटकांच्या पैशावर सांभाळली जाते.

रात्री आमच्यात यावरूनच वाद रंगला. खाऊ घालून जनावर बोलवावं का? फ्लोरिडात डायव्हरांनी असं करायला बंदी आहे. एकीचं म्हणणं, माणूस म्हणजे अन्न हे एकदा शिकवलं की एक दिवस महागात पडेल. दुसरा म्हणाला, कोळ्यांचा कचरा तर आपल्याआधीपासून पडतोय, आणि पाहुणे आटले तर बंदी किती दिवस टिकेल? आमचं एकमत झालं नाही. पण दुसऱ्या दिवशी उतरलो सगळेच, हेही सांगायला हवं.

शेवटचा दिवस कोरडा. डायव्हिंगनंतर लगेच विमानात बसायचं नसतं, म्हणून गोड्या पाण्याचं तळं पाहिलं आणि चक्क अळूची शेती. आमच्यातल्या काकूंनी तिथेच फदफद्याचा विषय काढला!

ज्यांना जायचंय त्यांनी आधी इथेच शिकून घ्या. गोव्याला ग्रांदे बेटाजवळ किंवा मालवणला तारकर्लीला सोय आहे. शार्कपाशी पहिली बुडी मारू नका. फोटो मागच्या टेबलावर ठेवले आहेत. सगळ्यांत फुगलेल्या पोटाची ती तिसरी रांग.