हजेरीपटाबाहेरची माणसे



परिषदेच्या अध्यक्षाने आधी लांबलचक आभार मानायचे असतात. ते मानले असे धरून विषयाकडे वळतो. भावनिक बुद्धिमत्तेबद्दल सकाळपासून बरेच ऐकले. डॅनियल गोलमन यांचे या विषयावरचे १९९५ सालचे पुस्तक आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात असेल. साहेबाने हसतमुख असावे, वाढदिवसाला केक कापावा, येता-जाता विचारपूस करावी, याला माझी हरकत नाही. पण हे सारे कोणासाठी? टीम म्हणजे नेमके कोण, हे ठरल्याखेरीज नेत्याच्या भावनांबद्दल बोलणे मला पोकळ वाटते.

इथून, दिल्लीहून, दीड-दोन तासांवर मानेसर आहे. २०११ साली तिथल्या मारुती सुझुकीच्या कारखान्यात तरुण कामगारांनी स्वतःची युनियन मागितली. लाइनवरून मिनिटाला एक गाडी उतरायची, चहाची सुट्टी सात-साडेसात मिनिटांची. तेवढ्यात चहा, बिस्किट आणि लघवी. कामगारांच्या तोंडी पगाराइतकीच ही सात मिनिटे होती. ऑगस्टअखेर व्यवस्थापनाने चांगल्या वर्तणुकीचे हमीपत्र पुढे केले : सही करा, मगच आत या. अपमान असा कागदावर छापून दिला की तो पगारवाढीने पुसला जात नाही.

मला महत्त्वाचे वाटते ते ऑक्टोबरमध्ये घडलेले. तडजोड झाली, कायम कामगार आत गेले आणि कंत्राटी बाहेरच राहिले. तेव्हा कायम कामगारांनी पुन्हा काम थांबवले. मागणी होती, आमच्या शेजारी उभे राहून काम करणाऱ्यांना परत घ्या. टीम कोणाला म्हणतात, हे त्या पोरांना वातानुकूलित खोल्यांतल्या लोकांपेक्षा नीट कळले होते.

पुढचे तुम्हाला ठाऊक आहे. १८ जुलै २०१२ रोजी एक सुपरवायझर आणि एक कामगार यांच्यातली बाचाबाची संध्याकाळपर्यंत जाळपोळीवर गेली आणि मनुष्यबळ विभागाचे महाव्यवस्थापक अवनीशकुमार देव यांचा जीव गेला. युनियनच्या नोंदणीत त्यांनी मदत केली होती, असे तेव्हा छापून आले होते. त्या हत्येचे समर्थन कुणीही करू नये, मी तर नाहीच. २०१७ साली न्यायालयाने १३ जणांना जन्मठेप दिली आणि ११७ जणांना निर्दोष सोडले. हे निर्दोष सुटलेलेही बराच काळ तुरुंगात राहिले होते, एवढे लक्षात असू द्या. एक समजूतदार अधिकारी संस्थेचा राग एकटा पेलू शकत नाही. राग ऐकण्याची सोय संस्थेतच असावी लागते.

आता खुद्द दिल्लीतले दुसरे उदाहरण. १२ जुलै २००९ रोजी जमरूदपूरला मेट्रोचा पूल बांधताना कोसळला आणि सहा जण दगावले. दिल्ली मेट्रोचे तेव्हाचे प्रमुख ई. श्रीधरन यांनी त्याच दिवशी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. तेव्हाच्या मुख्यमंत्री शीला दीक्षित यांनी तो स्वीकारला नाही आणि दुसऱ्या दिवशी श्रीधरन यांनी तो मागे घेतला. नाटक म्हणणारे तेव्हाही होते. मला ते नाटक वाटत नाही. आपल्याकडे अपघात झाला की भीती वरून खाली वाहते. महाव्यवस्थापक उपमहाव्यवस्थापकाला झापतो, तो अभियंत्याला, आणि शेवटी साइटवरचा सुपरवायझर निलंबित होतो. निदान एक दिवस तरी ती भीती शिखरावर अडली. नेत्याचे भावनिक काम म्हणतात ते हेच; केक कुणीही कापू शकतो.

तरी एक बोच राहते. कोकण रेल्वेपासून मेट्रोपर्यंत श्रीधरन यांच्या कामावर उलटी मोजणी करणाऱ्या पाट्या असत : इतके दिवस उरले. अभिमान आणि घाई या दोन्ही भावना त्या एकाच पाटीतून येत. अभिमान अभियंत्यांच्या वाट्याला आला. घाई मात्र ठेकेदाराच्या मजुरापर्यंत पोहोचली. कोकण रेल्वेच्या बांधकामात गेलेल्यांचे स्मारक रत्नागिरीला आहे, ही मोठीच गोष्ट. जमरूदपूरला गेलेल्यांपैकी एकाचे तरी नाव आठवते का, असे इथे विचारले तर एकही हात वर होणार नाही.

आणि आपली कार्यालये? दारावरचा रखवालदार, हाउसकीपिंगच्या बायका, रात्रीच्या शिफ्टला तुम्हाला घरी सोडणारा कॅबचालक, सगळे एजन्सीचे. समाधानाच्या वार्षिक पाहणीत त्यांना फॉर्म जात नाही. कायद्याचा सल्लागार बजावतो, फार जवळीक दाखवू नका, उद्या ते आपलेच कर्मचारी ठरतील. म्हणजे माणुसकी आखडती घेण्याला आपण दक्षता म्हणू लागलो. कंत्राटी कामगारांच्या १९७०च्या कायद्यात तर उपाहारगृह, विश्रांतीची खोली, प्रथमोपचार या सोयी ठेकेदाराने दिल्या नाहीत तर मूळ मालकाने द्यायच्या, असे लिहिले होते. जूनमध्ये पंचेचाळीस अंशांत फाटकाशी उभ्या माणसाला पंखा आणि गार पाणी द्यायला कोणता कायदा आडवा आला होता?

दुपारच्या सत्रात ठराव आहे की, प्रत्येक आस्थापनाने कर्मचाऱ्यांच्या मनःस्थितीची वर्षातून एकदा पाहणी करावी. अध्यक्ष म्हणून मी दुरुस्ती सुचवतो : पाहणीत ठेकेदाराकडून आलेली सर्व माणसे धरावीत, प्रश्न त्यांना कळेल त्या भाषेत असावेत, आणि उत्तरे ठेकेदाराच्या हाती जाऊ नयेत. तिसऱ्या कलमावर वाद होईल, याची कल्पना आहे. तो जेवणाआधीच घालू.