आठ माणसांचा कॉन्ट्रा



लोकनृत्य शिकवणाऱ्यांच्या या संमेलनात आज मी न्यू इंग्लंडच्या कॉन्ट्रा डान्सविषयी बोलणार आहे, आणि त्यातही एकाच प्रसंगाविषयी. वादक जमले आहेत, नृत्याच्या हालचाली पुकारून सांगणारा कॉलर उभा आहे आणि नाचायला आठच माणसे आली आहेत.

कॉन्ट्राची नेहमीची मांडणी मोठ्या सभागृहाची. समोरासमोर दोन लांब रांगा, त्यांत चार-चार जणांचे गट. 64 ठेक्यांचे आवर्तन संपले की प्रत्येक जोडी पुढे सरकून नव्या जोडीशी नाचते. टोकाला पोचलेली जोडी एक आवर्तन थांबते आणि उलट दिशेने परतते. वीस जोड्यांच्या रांगेत हा थांबा हवासा वाटतो. चारच जोड्या असल्या, तर दर दुसऱ्या आवर्तनाला दोन जोड्या, म्हणजे निम्मी माणसे, नुसती उभी राहतात. चार आवर्तनांत सगळ्या जोड्या एकमेकींशी नाचून झालेल्या असतात. आणि मागच्या-पुढच्या गटातल्या माणसाला हात द्यावा लागणारे नृत्य तर कोलमडतेच, कारण एवढ्याशा रांगेत कोणीच टोकापासून लांब नसते.

अशा वेळी तेच नृत्य रेटत नेणे मला मान्य नाही. आलेल्यांचा तो अपमान आहे.

थोड्या माणसांचे नृत्य ही काही तडजोड नव्हे. जॉन प्लेफर्डच्या 1651 च्या इंग्लिश नृत्यांच्या पुस्तकात, येतील तितक्यांच्या लांब रांगांबरोबरच, सहा जणांची आणि आठ जणांची नृत्ये स्वतंत्रपणे दिली आहेत. बॉस्टन परिसरातले कॉलर टेड सॅनेला यांनी हाच धागा पुढे नेला. तीन जोड्यांसाठी त्यांनी रचलेली ‘ट्रिप्लेट’ नृत्ये आजही नुसत्या क्रमांकाने ओळखली जातात. ट्रिप्लेटमध्ये आवर्तनाच्या शेवटी जोड्यांचा क्रम बदलतो, तीन आवर्तनांत प्रत्येक जोडीला पहिला मान मिळतो आणि कोणालाच नाचाबाहेर थांबावे लागत नाही. सहा माणसे असतील, तर माझी पहिली पसंती याच रचनांना.

आठ असतील, तर मी रांगच वाकवते. जोडीसमोर जोडी असे गोल रिंगण केले की टोके उरतच नाहीत आणि सगळे अखंड नाचतात. लांब रांगांनी पुढे जाऊन मागे येण्याची हालचाल तेवढी रिंगणात बसत नाही. तिच्या जागी समोरासमोरच्या दोन जोड्यांनी पुढे-मागे करावे. ठेके तेच आठ. काहीही बदला, पण 64 चा हिशेब मोडू नका. धून आणि पावले एकत्र संपली नाहीत, तर नाचणाऱ्याचा विश्वास जातो.

आणखी एक गोष्ट आपण विसरतो. विश्रांतीचा थांबा गेला की दमणूक वाढते. दर आवर्तनात सोळा ठेक्यांची गिरकी घ्यायला लावणारे नृत्य लहान गटाला फार वेळ देऊ नये. आवर्तने कमी ठेवा, मध्ये एखादे संथ नृत्य घ्या.

माझी आपणा सर्वांना विनंती आहे की, कार्यक्रमाला निघताना सहा, आठ आणि दहा माणसांसाठी प्रत्येकी दोन नृत्ये तयार ठेवा, आणि गर्दीची वाट न पाहता, आलेल्यांना घेऊन ठरल्या वेळी सुरुवात करा.